दोन सीड्या एकदम वाजवायच्या: मेर्झबाऊ आणि बोरिसचा 'गेन्शो' कुणी ऐकलाय का?

तळ्यावरचा

हा धागा 'संगीत' विभागात टाकावा की 'तक्रारी' विभागात, यावर घरात मतभेद आहेत. मी संगीतात टाकतोय.

बोरिस हा टोकियोचा तिघांचा बँड. वाता गिटारवर, ताकेशी बास आणि गिटारवर, आत्सुओ ड्रमवर. मेर्झबाऊ म्हणजे मासामी आकिता, १९७९ पासून निव्वळ गोंगाट करणारा माणूस. सूर नाही, ताल नाही, फक्त फीडबॅक, खरखर, किंचाळणारी यंत्रं. या दोघांचे मिळून बरेच अल्बम आहेत, पण २०१६ मध्ये रिलॅप्स रेकॉर्ड्सने काढलेला 'गेन्शो' वेगळाच प्रकार आहे. दोन सीड्या. एकीवर फक्त बोरिस, दुसरीवर फक्त मेर्झबाऊ. आणि सांगणं असं, की दोन्ही दोन वेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी लावा, कुणाचा आवाज किती ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

बोरिसच्या सीडीवर बहुतेक त्यांचीच जुनी गाणी आहेत, पण ड्रम काढून टाकलेली. 'फेअरवेल', 'हेवी रेन', 'व्हॉमिटसेल्फ' वगैरे, शिवाय माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचं 'समटाइम्स'. ठेका गेल्यावर गाणं जागेवरच पसरतं, पुढे सरकायला त्याला काही कारणच उरत नाही. मेर्झबाऊच्या सीडीवर चारच तुकडे, प्रत्येक पंधरा ते वीस मिनिटांचा. त्यातल्या दोन तुकड्यांची नावं 'गोलोक' भाग १ आणि भाग २, एकाचं 'प्लॅनेट ऑफ द काऊज'. आकिता कट्टर व्हीगन आहेत, प्राण्यांचा विषय त्यांच्या कामात सारखा येतो.

माझी मांडणी अशी: नौपाड्यातला जुना फ्लॅट, हॉल दहा बाय बारा. खिडकीकडच्या भिंतीला लॅपटॉप आणि दोन बुकशेल्फ स्पीकर, त्यावर बोरिस. समोरच्या भिंतीला जुना डीव्हीडी प्लेअर आणि त्याच्या सोबत आलेले डबडे स्पीकर, त्यावर मेर्झबाऊ. मी मध्ये सतरंजीवर. सौ. माहेरी.

सुरुवातीला मेर्झबाऊ म्हणजे नळाला पाणी यायच्या आधी पाइप खोकतो तसा, आणि पलीकडे बोरिस शांतपणे एकेक सूर लांबवतायत. दोन वेगळ्या घरांतले आवाज वाटत होते. मग मी डीव्हीडीचा आवाज हळूहळू वाढवत नेला. एका ठिकाणी गंमत झाली. वाताच्या गिटारचा लांब सूर सुरू होता, त्यावर खरखर चढली, आणि सूर कुठल्या भिंतीकडून येतोय ते कळेनासं झालं. दोन दांड्या आणखी वाढवल्यावर तर बोरिस गायबच. पण कान ऐकेना, तो गिटार शोधत राहिला, आणि त्या खरखरीतच सूर ऐकू यायला लागले. मेर्झबाऊ बंद करून पाहिलं तर बोरिस भलताच सूर वाजवत होते. म्हणजे मी ऐकत होतो ते दोघांपैकी कुणीच वाजवलेलं नव्हतं.

मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. 'सहयोगी अल्बम' म्हटलं की आपण समजतो कलाकार एकत्र बसले, काहीतरी ठरलं, ते आपल्यापर्यंत आलं. इथे सीडीवर दोघांची भेटच होत नाही. ती घडवायची आपण, आपल्या हॉलमध्ये, आपल्या रिमोटने. माझा 'गेन्शो' आणि तुमचा 'गेन्शो' एक असूच शकत नाही.

ठाणे-नवी मुंबईत कुणी असलं काही ऐकतं का? आणखी कुठले सहयोगी अल्बम ऐकावेत?

ढब्बू_मिरची

आमच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर टाइल्स कापणं आणि सातव्यावर ड्रिलिंग, दोन्ही एकदम चालू आहे. हा सहयोगी अल्बम मी सकाळपासून फुकट ऐकतोय. आवाज कमीजास्त करायची सोय मात्र नाही.

चरईकर

तळ्यावरचा, चेष्टा करत नाही, खरंच विचारतो. गडकरी रंगायतनला आम्ही पुष्कळ मैफली ऐकल्या. विलंबितात तासभर काही 'घडत' नाही असं नव्या माणसाला वाटतं, पण घडत असतं. आलाप वाढतो, षड्जावर येऊन पोहोचायची ओढ असते, समेवर माना डोलतात. तुमच्या या प्रकारात वाट कशाची पाहायची? वाट पाहायला काही नसेल तर माणूस तासाहून जास्त वेळ बसतो तरी कसा?

निवांत_कोपरखैरणे

काका, आपल्याकडे तंबोरा आहे की! तो म्हणजे ड्रोनच, न थांबता चालणारा सूर. यात जपान्यांनी नवीन काय केलं? आपल्याकडे हे शतकानुशतकं चालत आलंय.

वायरमन

वा, आमच्या खात्यातला धागा. मी ऐरोलीत राहतो, पोटापाण्यासाठी साउंड सिस्टीम बसवतो.

तळ्यावरचा, तुझ्या मांडणीबद्दल दोन गोष्टी.

एक, दोन यंत्रं एकाच क्षणी सुरू केलीस तरी ती बरोबर चालत नाहीत. प्रत्येकात आपापलं क्रिस्टलचं घड्याळ असतं, त्यात दशलक्षात पन्नासेक भागांचा फरक अगदी सहज पडतो. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या सीडीत तो साठत साठत साधारण पाव सेकंदावर जातो. ठेका असता तर हे असह्य झालं असतं, दोन तबलजी वेगळ्या मात्रेवर असल्यासारखं. इथे ड्रमच काढलेत, त्यामुळे घसरण कळत नाही. ते ड्रम का काढले असतील याची कारणं बरीच असतील, पण त्याचा हा फायदा नक्की आहे.

दोन, तू मध्ये बसलास ते वाया घालवलंस. दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झची लाट अडकून उभी राहते. (आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या दुप्पट लांबीने भागा.) अशा लाटेचा जोर भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मधोमध जवळपास शून्य. म्हणजे खर्ज ऐकायच्या अल्बमला तू खर्ज मरतो तिथे सतरंजी टाकलीस. पुढच्या वेळी भिंतीला पाठ टेकून बस, आणि मधूनमधून उठून चाल.

याचा पुरावा हवा असेल तर बोरिसचाच दुसरा सहयोगी अल्बम घे, सन ओ या अमेरिकन जोडीबरोबरचा 'ऑल्टर', २००६ चा. सन ओ गिटार इतकी उतरवून लावतात की सगळ्यात जाड तार खालच्या 'ए' वर येते, म्हणजे ५५ हर्ट्झ. आपल्या दहा फुटी बेडरूमच्या लाटेशी जवळपास तंतोतंत. 'एटना' लावून मी खोलीत चालत होतो. कपाटापाशी बरगड्या हलत होत्या, पलंगाच्या मध्ये आलो तर सूर विझल्यासारखा. व्हॉल्यूमला हातही लावला नव्हता. स्वस्त फ्लॅटचा एवढा एक उपयोग.

फोनच्या स्पीकरवर हे कुणी ऐकणार असेल तर ऐकूच नका. त्या स्पीकरमधून दोनशे हर्ट्झच्या खालचं धड काही येत नाही. अल्बम आवडला नाही म्हणून इथे लिहाल, आणि ऐकलेला असेल फक्त त्याचा वरचा फेस.

तळ्यावरचा

वायरमन, भिंतीला टेकून पुन्हा ऐकणार, नक्की.

चरईकर काका, तुमचा प्रश्न मला आवडला, म्हणून नीट उत्तर देतो. वाट कशाचीच पाहायची नसते, हे पहिल्या दहा मिनिटांत फार जड जातं. मी घड्याळ बघितलं, चहाचा विचार केला, फोन उचलला. साधारण विसाव्या मिनिटाला वाट पाहणं थकतं. मग आवाजाच्या आत जे चाललंय त्याकडे लक्ष जातं: एक बारीक शिट्टी आहे, ती किंचित वर सरकतेय, खालच्या गुरगुरीला एक धडधड आहे, ती मंदावतेय. ख्यालात तुम्ही गवय्याच्या मागून जाता. इथे गवई जागचा हलत नाही, आपणच त्याच्याभोवती फिरतो. दोन्हीत आनंद आहे, पण एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली की घोळ होतो.

आणि हो, प्रत्येक तुकडा मला आवडला असं नाही. मेर्झबाऊचा शेवटचा, 'प्रिल्यूड टू अ ब्रोकन आर्म', मला नुसता ताणलेला वाटला.

गंधार_नेरुळ

निवांत, "तंबोरा म्हणजे ड्रोनच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. मी किराणा घराण्याची तालीम घेते, रोज तंबोऱ्याशी बसते, म्हणून बोलते.

तंबोरा हा पाया आहे. त्यावर घर बांधायचं असतं. नुसता पाया दाखवून कुणी "घर बघा" म्हणत नाही. दुसरं म्हणजे तंबोरा गोंगाट नाही, त्याच्या बरोबर उलट आहे. मिरजेचा चांगला तंबोरा घ्या, पंचम-षड्ज-षड्ज-खर्ज लावा, घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा केसभर पुढेमागे करा. योग्य जागा सापडली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलायला लागतो. कुणी छेडलेला नसतो, तारच नसते त्याची. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. ही जागा शोधायला कारागिराचं आयुष्य जातं. आणि इथे म्हणायचं, डीव्हीडी प्लेअर आणि लॅपटॉप एकदम लावला की झालं!

तळ्यावरचा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही तंबोऱ्याचं नाव घेतलं नाहीत, ते बरं केलंत.

निवांत_कोपरखैरणे

ताई, शरण. पण एक विचारू? तुमच्याच किराण्याचे पंडित प्राणनाथ, अब्दुल वहीद खाँचे शिष्य, १९७० मध्ये अमेरिकेला गेले. ला माँट यंग, मारियन झाझीला आणि टेरी रायली या अमेरिकन कलावंतांनी त्यांचं रीतसर शिष्यत्व घेतलं. ड्रोन संगीताचा इतिहास लिहायला घेतला तर ला माँट यंग पहिल्या पानावर येतात. त्यांनी आणि झाझीलांनी १९९९ मध्ये 'द तंबुराज ऑफ पंडित प्राणनाथ' नावाची सीडी काढली. त्यात गाणं नाही, काही नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोघांनी छेडलेले तंबोरे. घर न बांधता नुसता पाया. आणि तोही गुरूला वंदन म्हणून.

गंधार_नेरुळ

प्राणनाथजी माहीत आहेत. ही सीडी माहीत नव्हती. ऐकून मग बोलते.

लोकमान्यनगर

मी इथे फारसं लिहीत नाही. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्र्याचे भाग ठोकून काढायचे, दिवसभर तेच. कानात घालायला काही मिळत नसे. मिळालं तरी कुणी घालत नसे, कारण मुकादमाची हाक ऐकू आली नाही तर हात प्रेसमध्ये जायचा. आज त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसून मोठ्याने बोलावं लागतं. डाव्या कानात सतत शिट्टी वाजते म्हणतात, रात्री जास्त.

त्यांच्या घरी फुकटात ड्रोन आहे, सीडी लागत नाही.

तुम्ही लोक ऐका, माझी हरकत नाही. फक्त गोंगाटाला 'मुक्ती' वगैरे म्हणू नका. ज्याला बटण बंद करता येतं त्यालाच ते म्हणता येतं.

तळ्यावरचा

लोकमान्यनगर, यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बटण आपल्या हातात असणं हाच 'गेन्शो'चा सगळा खेळ आहे, आणि प्रेसवर नेमकं तेच नव्हतं. वडिलांना नमस्कार सांगा.

वायरमन

लोकमान्यनगरांनी विषय काढलाच आहे तर कामाचं बोलतो, कारण 'मोठ्याने ऐकलं तरच खरं' ही या संगीताच्या चाहत्यांची लाडकी थाप आहे.

कामाच्या ठिकाणी कानांसाठी वापरला जाणारा एक सर्वमान्य हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास, १०० ला पाव तास. आता 'गेन्शो' तासाहून मोठा आहे. म्हणजे ९४ ला पूर्ण ऐकलात तर दिवसाचा कोटा ओलांडला, आणि ९४ म्हणजे काही फार अचाट नाही, तापलेल्या हॉलमध्ये दोन सिस्टीम सहज तिथे जातात. फोनवर आवाज मोजायचं ॲप घ्या. अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो. मी भिंतीशी ऐकताना ८० च्या आत ठेवतो. बरगड्या तरीही हलतात, कारण ते काम खर्ज करतो, कर्कश्शपणा नाही.

शेजाऱ्यांसाठी: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. दुपारी ऐका. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एका काकूंनी पाण्याचा पंप बिघडला समजून वॉचमनला वर पाठवला होता.

ढब्बू_मिरची

वॉचमनला अल्बम आवडला का ते सांगा.

वायरमन

दारात उभा राहून दोन मिनिटं ऐकलं. "साहेब, बेअरिंग गेलंय," म्हणाला.

चरईकर

हे कुठलंही लहान मूल करू शकेल असं लिहिणार होतो, पण आमचा नातू शेजारी बसलाय. तो म्हणाला, "आजोबा, मी दोन मिनिटांत कंटाळेन." त्यामुळे तो मुद्दा मागे.

माझ्यासारख्याने कुठून सुरुवात करावी? भिंतीला टेकून बसण्याचं वय गेलं.

निवांत_कोपरखैरणे

काका, 'ऑल्टर'मधलंच 'द सिंकिंग बेल' ऐका. जेसी साइक्स या बाईंनी गायलंय. त्या अख्ख्या अल्बममध्ये तेवढं एक गाणं अंगावर येत नाही.

मग रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांचा १९७३ चा 'नो पुसीफुटिंग'. दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवायचे, एकाच टेपचं रीळ पहिल्यातून दुसऱ्यात न्यायचं. पहिला मुद्रण करतो, दुसरा काही सेकंदांनी तेच वाजवतो, आणि ते परत पहिल्यात जातं. फ्रिप गिटार वाजवत जातो आणि त्याचेच मागचे सूर येऊन त्याच्याशी बोलत राहतात. पहिली बाजू, 'द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन', एकवीसेक मिनिटं एका सलग श्वासात आहे. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलने हा अल्बम चुकून उलटा वाजवला होता. २००८ च्या आवृत्तीत मग त्यांनी स्वतःच उलटी बाजू मुद्दाम घातली. उलटासुलटा दोन्हीकडून चालतो म्हटल्यावर तुमच्या 'वाट कशाची पाहायची' या प्रश्नाचं काय होतं ते बघा!

आणि आपल्याकडचं म्हणाल तर अहमदाबाद. तिथल्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे १९७२ पर्यंत टेपांवर काम केलं. त्या टेपा वर्षानुवर्षं तशाच पडून होत्या, २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' म्हणून बाहेर आल्या. गीताबेन म्हणजे ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं त्या. तेव्हा जपान-अमेरिकेकडेच बघायला नको.

चरईकर

बाईंचं गाणं ऐकलं. चांगलं आहे, आवाजात दुखणं आहे. मग बाकीच्या अल्बमची गरज काय होती?

वायरमन

काका, बाकीच्या अल्बमशेजारी ठेवल्यावरच ते तसं ऐकू येतं.

तळ्यावरचा, तुझ्या त्या "खरखरीत सूर ऐकू आले"बद्दल एक जोड. सीड्या संगणकावर फ्लॅकमध्ये उतरवून बघ. फ्लॅक फाइल लहान कशी करतो? मागच्या नमुन्यांवरून पुढचा काय असेल याचा अंदाज बांधतो आणि फक्त चूक साठवतो. बोरिसचा लांबलेला सूर पुढे काय करणार हे सहज कळतं, फाइल बरीच आक्रसते. मेर्झबाऊच्या खरखरीत अंदाज लागतच नाही, फाइल जवळजवळ मूळ आकाराचीच राहते. संगणकाच्या लेखी तिथे प्रत्येक क्षण नवा. आपल्या कानाच्या लेखी पाच मिनिटांनी सगळं एकसारखं. मग मेंदू रिकामा बसत नाही, ओळखीचं काहीतरी त्यात पेरतो. तू पेरलेलं ऐकत होतास.

गंधार_नेरुळ

परत आले. तंबोऱ्यांची ती सीडी यूट्यूबवर तुकड्यांत मिळाली. जवारी सुरेख आहे, ते मान्य. पण अजून माझं म्हणणं सोडलेलं नाही. मला ऐकताना सारखं वाटत होतं, आता कुणीतरी 'सा' लावेल. शेवटी मीच लावला.

आता एक वेगळीच गोष्ट विचारायची आहे, वायरमनना. माझी पट्टी पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी). नेरुळला आमच्या खिडकीखाली महावितरणची डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे. पहाटे रियाजाला बसलं की तिची घूं ऐकू येते. तंबोरा लावला की खर्जावर एक हेलकावा येतो, सेकंदाला दोनदा, वँव-वँव असा. खिडकी बंद केली की जातो. मला आधी वाटलं जवारी उतरली. तंबोरा दुरुस्तीला नेऊन आणला, तरी तेच. हे डीपीमुळे होतं का?

वायरमन

गंधारताई, तुम्ही या धाग्याला सोनं दिलंत.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या पोलादाचा गाभा चुंबकत्वाने दर आवर्तनात दोनदा ताणला जातो नि आक्रसतो, म्हणून त्याची घूं १०० हर्ट्झची असते. तुमच्या पांढरी पाचचा खर्ज ९८ हर्ट्झ. शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले, उरले दोन. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतके हेलकावे येतात. सेकंदाला दोन. तुमच्या कानाने तो फरक अचूक मोजला, मीटरची गरजच पडली नाही.

आता खरी मजा. ला माँट यंग १९६० च्या दशकात न्यूयॉर्कला टोनी कॉनराड, जॉन केल वगैरेंबरोबर तासन्‌तास ड्रोन करत, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. तिथली वीज ६० हर्ट्झ. ॲम्प्लिफायर, कासवाच्या टाकीची मोटर, सगळीकडे तीच घूं. त्यांनी तिच्याशी भांडण केलं नाही, सगळी वाद्यंच साठ हर्ट्झशी मिळवून लावली.

गंधार_नेरुळ

हे वाचून हसू आलं, कारण मीही तेच करते. दुरुस्तीहून आल्यावर वैतागून मणी किंचित सरकवले, खर्ज डीपीला मिळवला. हेलकावा थांबला आणि काय सांगू, तंबोरा दुप्पट बोलायला लागला. खिडकीतून येणारा शंभर आणि माझा शंभर एकात एक. गंधार तर इतका ठळक की डोळे मिटले तर तिसरा तंबोरा वाटावा. तेव्हापासून पहाटे मी पांढरी पाचच्या जराशी वरच गाते. कुणाला सांगितलं नव्हतं. मिरजेचा भोपळा आणि महावितरणचा डबा एका सुरात लावते हे क्लासमध्ये कसं सांगायचं?

तळ्यावरचा

गंधारताई, याला मी सहयोगी ड्रोन अल्बमच म्हणेन. तुम्हाला आवडो न आवडो.

गंधार_नेरुळ

नका म्हणू. मी त्यावर भैरव गाते. तुमच्या अल्बमवर कोण काय गातं?

लोकमान्यनगर

ताई, लोडशेडिंग असलं की काय करता?

गंधार_नेरुळ

परत पांढरी पाच. तोंडावर येईपर्यंत जरा चुकल्यासारखं होतं.

निवांत_कोपरखैरणे

ताई, टोनी कॉनराडचं नाव निघालंच आहे, तर त्यांचा फाउस्ट या जर्मन बँडबरोबरचा 'आउटसाइड द ड्रीम सिंडिकेट' ऐकाच. मुद्रण १९७२ मध्ये जर्मनीत वूमे गावी, प्रकाशन १९७३. कॉनराड व्हायोलिनवर शुद्ध पंचमाचे संवाद धरून बसतात. बँडला सांगणं एवढंच: बासने एक सूर सोडायचा नाही, ड्रमने एक ठोका सोडायचा नाही. एकेक बाजू पंचवीस मिनिटांच्या पुढे. तुम्ही कान तयार असलेल्या, तुमचं मत महत्त्वाचं.

ढब्बू_मिरची

वायरमन, एखाद्या रविवारी ऐरोलीत 'गेन्शो'ची बैठक ठेवा. दोन सिस्टीम तुमच्या, सतरंजी तळ्यावरच्याची, वडे मी आणतो. भिंतीजवळच्या जागा आधी येणाऱ्याला.

वायरमन

चालेल. दुपारी तीन ते पाच. लोकमान्यनगर, तुम्ही आलात तर व्हॉल्यूमचा रिमोट तुमच्याकडे.

लोकमान्यनगर

येतो. वडिलांनाही विचारलं. ते म्हणाले, "पैसे देऊन ऐकतात?" मी म्हटलं, वडे फुकट आहेत. बघू.

गंधार_नेरुळ

निवांत, कॉनराडची पहिली बाजू ऐकली, पूर्ण. व्हायोलिनचा पंचम सच्चा आहे, पियानोसारखा रेटलेला नाही. ज्याने धरलाय त्याचा कान चांगला. बास त्याच्याखाली नीट बसतो, मधूनच एक गंधारही डोकावतो. ड्रमची मात्र काही गरज नव्हती. सूर स्वतःहून हलत असताना कुणीतरी शेजारी बसून "आलं का लक्षात, आलं का लक्षात" म्हणत राहावं, तसं होतं. दुसरी बाजू उद्या ऐकेन, आज घरी पाहुणे आहेत. रविवारी येते, पण मी भिंतीला टेकणार नाही, मला खुर्ची लागेल.

चरईकर

दोन खुर्च्या ठेवा.